चालकांच्या कामाच्या तासांची इलेक्ट्रॉनिक नोंद: जालन्याच्या एका ट्रान्सपोर्ट कार्यालयाचा चौदा महिन्यांचा अनुभव

आमच्या ट्रान्सपोर्टच्या अठरा गाड्या जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतून सळई भरून पुणे, भिवंडी, नागपूर आणि हैदराबादकडे जातात आणि येताना मिळेल तो माल घेऊन परततात. गेल्या चौदा महिन्यांपासून या सर्व गाड्यांवर चालकांच्या कामाच्या तासांची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणारी एक सेवा आम्ही पैसे भरून वापरत आहोत, आणि रोज सकाळी त्या नोंदी तपासण्याचे काम माझ्याकडे आहे. सेवेचे नाव मी लिहीत नाही, कारण निवड करण्यापूर्वी अशा चार सेवांचे नमुने आम्ही चालवून पाहिले होते आणि पुढे सांगितलेले गुणदोष कमी-अधिक प्रमाणात त्या सगळ्यांत होते. अशी सेवा घेण्याच्या विचारात असलेल्या मराठवाड्यातील गाडीमालकांना, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या कार्यालयात बसून नोंदी तपासणाऱ्यांना, उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिले आहे.

गाडीत बसवलेले यंत्र इग्निशन, वेग आणि ठिकाण पाठवत राहते. ड्रायव्हर आपल्या मोबाईलवर पिन टाकून हजेरी लावतो आणि चालन (म्हणजे गाडी चालवणे), इतर काम, विश्रांती किंवा झोप यांपैकी एक स्थिती निवडतो. कार्यालयातील पडद्यावर प्रत्येक ड्रायव्हरची चोवीस तासांची पट्टी दिसते. मर्यादेच्या आत असेल तर हिरवी, मर्यादा जवळ आली की पिवळी आणि ओलांडली की लाल. यंत्रे बसवायला दोन दिवस लागले आणि त्या कामात नाव ठेवण्यासारखे काही घडले नाही.

पहिला धक्का तिसऱ्या आठवड्यात बसला. हैदराबादहून परतणाऱ्या एका गाडीवर ड्रायव्हरने १० तास ४० मिनिटे चालन केलेले दिसत होते आणि तरीही त्याची पट्टी हिरवी होती. सेटिंग उघडून पाहिल्यावर कारण समजले. त्यात ११ तास चालन, ते कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत संपवण्याची चौकट आणि ८ तास चालनानंतर ३० मिनिटांची विश्रांती, असा साचा भरलेला होता. हा साचा अमेरिकेचा आहे. तेथे लांब पल्ल्याच्या बहुतेक ट्रकांना डिसेंबर २०१७ पासून अशी इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची झाली आणि ही सॉफ्टवेअरे मुळात त्या बाजारासाठी घडलेली आहेत. त्या नियमात ११ तासांच्या आधी सलग १० तासांची सुटी सक्तीची असते, हे लक्षात न घेता केवळ ११ चा आकडा उचलणे ड्रायव्हरच्या जिवाशी खेळण्यासारखे आहे.

आपल्याकडे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. लांब पल्ल्याच्या मार्गावर पूर्वपरवानगीने ती १० आणि ५४ पर्यंत नेता येत असे, त्यापुढे अशा परवानगीनेही नाही. सलग ५ तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग ९ तासांची सुटी, हेही त्याच कायद्यात होते, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ९१ चालकांच्या तासांसाठी त्याच्याकडेच बोट दाखवते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेने त्या कायद्याची जागा घेतली, तरी दिवस आठ तासांचाच राहिला आहे. आम्ही लेखी कळवल्यावर कंपनीने दोन दिवसांत साचा बदलून दिला, हे मान्य केले पाहिजे. परंतु विचारले नसते तर तो आजही तसाच राहिला असता. म्हणून पैसे भरण्यापूर्वी पडद्यावरचा हिरवा रंग कोणत्या देशाच्या कायद्याचा आहे, हे प्रत्येकाने स्वतः पाहून घ्यावे.

यापेक्षा गंभीर दोष आम्हाला कळायला चार महिने लागले. आमच्याकडे वयाने आणि नोकरीने सर्वांत ज्येष्ठ असलेले एक ड्रायव्हर आहेत, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. एका गुरुवारी त्यांची पट्टी सकाळी ९.१० पासून संध्याकाळी ७.३५ पर्यंत सलग विश्रांती आणि ७.४० पासून पहाटे ३.३० पर्यंत, मध्ये चहापाण्याचा अर्धा तास सोडून, भिवंडीपर्यंतचे चालन दाखवत होती. सव्वासात तास चालन आणि त्याआधी दहा तासांची विश्रांती, म्हणजे यंत्राच्या हिशेबाने याहून आदर्श दिवस असू शकत नाही. दुसऱ्या दिवशी बिल्टीला, म्हणजे मालाच्या वाहतूक पावतीला, जोडलेल्या काटा पावत्या (वजनकाट्यावरच्या पावत्या) माझ्या हातात आल्या. रिकाम्या गाडीचा काटा सकाळी ९.२५ ला झाला होता आणि भरलेल्या गाडीचा संध्याकाळी ६.५० ला. या सव्वानऊ तासांहून अधिक वेळात मामा कारखान्याच्या रांगेत स्टिअरिंगवर बसून होते, दर वीस-पंचवीस मिनिटांनी गाडी दोन गाड्यांच्या अंतराने पुढे घेत होते, नंतर क्रेनखाली उभे राहून बंडले कशी बसतात ते पाहत होते, साखळ्या आवळत होते, आणि शेवटी गेटपाससाठी खिडकीसमोर उभे होते. मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "ताई, इगतपुरीचा बोगदा कधी लागला अन् कधी सरला, मला काहीच आठवत नाही." ते वाक्य ऐकल्यापासून केवळ हिरवी पट्टी पाहून मी कोणत्याही ड्रायव्हरच्या नोंदीवर सही केलेली नाही.

दोष कोठे आहे ते सांगते. हे यंत्र ताशी ८ किलोमीटरच्या वर वेग गेला तरच चालन धरते. अमेरिकी नियमातील ताशी ५ मैलांच्या मर्यादेचे हे सरळ रूपांतर आहे. रांगेत सरकणारी गाडी तो वेग कधीच गाठत नाही. इग्निशन बंद असेल आणि ड्रायव्हरने दुसरी स्थिती निवडली नसेल, तर आमच्या सेवेत तो वेळ आपोआप विश्रांतीत जमा होतो. प्रत्यक्षात १९६१ च्या कायद्याने कामाच्या तासांची व्याख्याच अशी केली होती की ड्रायव्हर मालकाच्या किंवा त्याची सेवा मागण्याचा हक्क असलेल्या दुसऱ्या कोणाच्या दिमतीला असेल तो वेळ कामाचा, आणि त्यात माल भरणे-उतरवणेही येत होते. ड्रायव्हरने प्रत्येक वेळी अॅप उघडून "इतर काम" निवडावे, असे कंपनीचे उत्तर आहे. हातात साखळी असलेल्या माणसाकडून ही अपेक्षा करणे मला योग्य वाटत नाही, आणि ज्या चुकीचा भार सर्वाधिक त्याच्यावर पडतो ती टाळण्याची जबाबदारीही त्याच्यावरच टाकणे तर मुळीच योग्य नाही.

त्यामुळे आता माझी तपासणी पडद्यावर सुरू होत नाही. मी आधी काटा पावत्या, डिझेलच्या पावत्या आणि फास्टॅगचे संदेश टेबलावर मांडते आणि मग पट्टी उघडते. डिझेल पावतीवरच्या वेळी गाडी दुसरीकडेच चालताना दिसली, किंवा झोपेच्या वेळेत टोल कापला गेला, तर त्या नोंदीत काहीतरी गडबड आहे हे नक्की. समृद्धी महामार्गावर मात्र फास्टॅगची ही मदत अपुरी पडते, कारण तेथे टोल बाहेर पडतानाच अंतरानुसार कापला जातो आणि मधल्या तीन-चार तासांत गाडी कोठे किती थांबली याचा पत्ता त्या संदेशातून लागत नाही. तेथे यंत्राचे ठिकाणच खरे उपयोगी पडते, आणि त्याबाबत सेवेला पूर्ण गुण दिले पाहिजेत. मांजरसुंब्याच्या घाटात रेंज गेली तरी नोंद यंत्रात साठून राहते आणि खाली उतरल्यावर आपोआप येऊन मिळते; चौदा महिन्यांत एकही तास हरवलेला नाही.

दुसरा मोठा गुण म्हणजे दुरुस्तीची पद्धत. कार्यालयातून नोंद बदलता येते, पण मूळ नोंद पुसली जात नाही, बदलाचे कारण लिहावे लागते आणि ड्रायव्हरने मोबाईलवर मान्यता दिल्याखेरीज बदल पक्का होत नाही. मामांच्या त्या गुरुवारची नोंद मी अशीच दुरुस्त करून पाठवली. त्यांनी मान्य केली आणि नंतर कार्यालयात येऊन माझ्या पडद्यावर जुनी-नवी पट्टी शेजारी-शेजारी पाहिली. त्याआधी ड्रायव्हर या यंत्राला मालकाने मागे लावलेला हेर समजत होते. रांगेत गेलेले तास त्यांच्या बाजूने मोजले जातात हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसले, आणि त्यानंतर दोघा-तिघांनी स्वतःहून काटा पावतीचा फोटो पाठवायला सुरुवात केली.

हजेरी न लावता चाललेल्या गाडीची नोंद "चालक अनोळखी" या नावाने पानाच्या अगदी तळाशी करड्या अक्षरांत येते. ती वास्तविक सर्वांत वर यायला हवी, कारण तास संपलेला ड्रायव्हर अॅपमधली हजेरी बंद करून गाडी पुढे नेतो तेव्हा तो वेळ नेमका तेथेच साचतो. एका महिन्यात अशा नोंदी जोडून पाहिल्यावर एका गाडीचे जवळजवळ अकरा तास कोणाच्याच नावावर नव्हते. ड्रायव्हरला विचारले तेव्हा समजले की माल पोचवण्याच्या घाईपोटी त्याला फोनवर ई-वे बिलाची (मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या इलेक्ट्रॉनिक वाहतूक पासाची) मुदत संपेल असे सांगितले गेले होते. १ जानेवारी २०२१ पासून ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. चारशे किलोमीटरच्या आतल्या भिवंडीला दोन दिवस. आठ तासांचा नियम पाळूनही ते अंतर आरामात होते. हे गणित आता आम्ही बिल्टीच्या पाठीवर छापून देतो.

अॅपची मराठी सुधारायला हवी. "ऑफ ड्यूटी"साठी "कर्तव्यमुक्त" असा शब्द आहे, आणि पहिल्या आठवड्यात एका ड्रायव्हरने तो नोकरीवरून काढल्याचा निरोप समजून मला फोन केला. साधे "सुटी" पुरेसे होते. ग्राहक सेवेचा फोन दिवसा लागतो, रात्री नाही, आणि आमच्या गाड्या रात्री चालतात. गाडीमागे महिन्याला द्यावी लागणारी रक्कम एका टायरच्या पंक्चरच्या खर्चाहून फार अधिक नाही, त्यामुळे किमतीबाबत माझी तक्रार नाही.

ज्यांच्याकडे पावत्या जुळवून पाहायला रोज दीड-दोन तास देणारा माणूस आहे त्यांनी ही सेवा अवश्य घ्यावी. नुसते यंत्र बसवून पडदा भिंतीवर टांगायचा असेल, तर मी घेऊ नका असे सांगेन, कारण थकलेल्या ड्रायव्हरला विश्रांती झालेला दाखवणारी पट्टी ही नोंद नसल्यापेक्षा वाईट आहे. आम्ही पुढील वर्षाचे पैसे भरले आहेत, पण त्याआधी कारखान्याच्या गेटभोवती आखलेल्या हद्दीत गाडी असेपर्यंतचा सर्व वेळ आपोआप "इतर काम" धरला जाईल, अशी सोय लेखी मागून घेतली. सहापैकी दोन कारखान्यांच्या गेटवर ती सुरू झाली आहे. उरलेल्या चार ठिकाणची पट्टी मी अजून काटा पावती हातात धरूनच वाचते.