‘खेळणार्यांना’ असं लिहिलेलं दिसलं होतं, तरी मी पैसे भरले

कराडात माझं फ्लेक्सचं दुकान आहे, बारा-तेरा वर्षं झाली. वाढदिवस, दशक्रिया, जत्रा, इलेक्शन, येईल ते काम. नेत्याच्या एका फोटोत डोळे मिटलेले असतात, दुसऱ्यात पोट सुटलेलं दिसतं, मग ह्याचं डोकं त्याच्या धडावर बसवायचं, वर फेटा चढवायचा आणि मागं उगवता सूर्य, हे माझं रोजचं काम आहे. म्हणजे खोटं चित्र कसं बनतं हे ज्याला पोटासाठी रोज करावं लागतं तो माणूस खोट्या बातमीच्या व्हिडिओला फसला. १,१३,९६० रुपये गेले. आईला अजून आकडा सांगितलेला नाही, तिला वाटतंय दहा-पंधरा हजार असतील.

आधी हे सांगतो की मला गेमिंगची सवय नव्हती असं नाही. २०२० ची आयपीएल दुबई-अबुधाबीला झाली, तेव्हा टायटल स्पॉन्सरच ड्रीम इलेव्हन होतं, पैसे लावून क्रिकेटची टीम बनवायचं ॲप, दुकान बंद, हातात मोबाईल, तेव्हापासून मी ४९ रुपयेवाल्या टीम लावायचो. कधी १२० आले, बहुतेक वेळा गेले. व्यसन म्हणावं असं नव्हतं पण मॅच असली की टीम लावल्याशिवाय बघायला मजा यायची नाही, म्हणजे व्यसनच म्हणा. आणि ह्यात काही चुकतंय असं वाटायचं कारण काय होतं? पेपर उघडला की पहिल्या पानावर अख्खी जाहिरात, आणि आत अग्रलेखात तरुण पिढी कशी वाया चालली आहे. टीव्हीवर जाहिरातीच्या शेवटी तो माणूस एका दमात ‘या खेळात आर्थिक जोखीम आहे व्यसन लागू शकतं जबाबदारीने खेळा’ एवढ्या स्पीडला म्हणून टाकायचा की आमचं बारकं पोरगं त्याची नक्कल करून दाखवायचं. २०२३ ला बच्चू कडूंनी सचिनच्या घरासमोर ह्याच जाहिरातींवरून आंदोलन केलं तेव्हा आम्ही दुकानात बसून हसलो होतो, आता हसू येत नाही.

मग २०२५ च्या जुलैत तेव्हाचे कृषिमंत्री कोकाटे विधान परिषदेत मोबाईलवर रमी खेळतायत असा तो व्हिडिओ आला. कोकाटे साहेब म्हणाले मी खेळत नव्हतो, जाहिरात स्किप करत होतो, मग कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं, ह्यावर चॅनेलवाल्यांनी किती दिवस घालवले ते तुम्ही बघितलंच आहे. मीम्स, चर्चा, पत्ते हातात घेऊन आंदोलनं. आणि महिन्याभरात ऑगस्टमध्ये संसदेत ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही, तीन दिवसांत विषय संपला. त्या कायद्यात नेमकं काय आहे हे मला कुठल्याच चॅनेलवर नीट ऐकल्याचं आठवत नाही. ‘ड्रीम इलेव्हन बंद’, ‘क्रिकेटच्या जर्सीचं काय होणार’, एवढंच डोक्यात राहिलं. कुणीतरी अर्धा मिनिट थांबून सांगितलं असतं की बाबांनो, पैसे लावून खेळायचा गेम आता कौशल्याचा असो नाहीतर नशिबाचा, दोन्ही बंद, म्हणजे इथून पुढं ‘सरकारमान्य पैशाचा गेम’ अशी वस्तूच नाही, तर माझे पैसे वाचले असते. सगळा दोष चॅनेलवर टाकत नाही, कायदा मोबाईलवर वाचता येतो, मी वाचला नाही. पण बघायचो दिवसभर तेच ना.

आता मूळ गोष्ट. सप्टेंबरात आशिया कप सुरू झाला, आपल्या पोरांच्या छातीवर कुणा स्पॉन्सरचं नाव नाही, नुसतं इंडिया. आणि ॲप बंद असल्यामुळं हाताला खाज. अशातच एक रील आलं. एका नावाजलेल्या मराठी चॅनेलचा स्टुडिओ, तोच लोगो, तीच खालची लाल पट्टी, आणि रोज रात्री दिसणारी अँकर. ती सांगतेय की नव्या कायद्यानंतर केंद्र सरकारनं पहिल्या कौशल्य ॲपला मान्यता दिली, जुन्या ॲपवर खेळणाऱ्यांना सुरुवातीला बोनस मिळणार, चांगली संधी आहे.

दोन गोष्टी मला तेव्हाच दिसल्या होत्या, हे लिहायला लाज वाटते पण लिहितो. एक म्हणजे पट्टीवर ‘खेळणार्यांना’ असं होतं. ‘खेळणाऱ्यांना’ नाही. आणि अक्षर साधं कॉम्प्युटरवरचं ‘मंगल’ फॉन्टचं होतं, त्या चॅनेलचं स्वतःचं जाड अक्षर असतं, त्यांच्या एका कार्यक्रमाचे फ्लेक्स मी छापलेत म्हणून ठाऊक. पण मी काय म्हणालो मनात, चॅनेलवाले तरी कुठं शुद्ध लिहितात, रोज ‘शेतकर्यांना’ म्हणून पट्टी पळतेच की. दुसरी गोष्ट कानाला खटकली. ती ‘चांगली’ म्हणताना चिमणीतला च काढत होती. मराठी माणूस चांगली आणि चिमणी एकाच च नं कधी म्हणत नाही, पहिलीतलं पोरगंसुद्धा नाही. हा मशीननं बोललेला आवाज होता, हिंदीवर शिकलेला. मी हे ऐकलं, भुवई वर गेली, आणि अंगठा लिंकवर गेला. तसं २०२४ च्या जानेवारीत सचिननं स्वतः सांगितलं होतं की गेमिंग ॲपची जाहिरात करणारा माझा व्हिडिओ खोटा आहे, ती बातमी मी वाचलेली. तेव्हा वाटलं, हे मोठ्या माणसांच्या बाबतीत होतं. मराठी अँकरचा खोटा व्हिडिओ कोण कशाला बनवेल?

लिंक गेली टेलिग्रामच्या ग्रुपवर. अकरा हजार मेंबर, पण लिहायची परवानगी फक्त ॲडमिनला. तिथं पैसे आल्याचे स्क्रीनशॉट एकावर एक. ॲप प्ले स्टोअरवर नाही, एपीके फाईल टाकायची, ‘मान्यतेची प्रोसेस चालू आहे म्हणून’. एक मॅडम वैयक्तिक मेसेज करायच्या, ‘दादा जेवलात का’ इथपासून सुरुवात. गेम म्हणजे ते विमान, वर वर जातं, आकडा वाढत जातो, १.२, १.८, २.५, ते उडून जायच्या आत बटण दाबायचं. मॅडम सिग्नल द्यायच्या, ‘आज सव्वासातला २.४ पर्यंत थांबा’. आणि खरंच २.४ च्या पुढंच फुटायचं! मला वाटायचं ह्यांच्याकडं आतली माहिती आहे. अरे, सर्व्हरच त्यांचा, विमान कुठं फोडायचं ते तेच ठरवतात, तर सिग्नल खोटा कशाला निघेल.

पहिल्यांदा ५०० टाकले, दुसऱ्या दिवशी ७४० खात्यात आले. तिथंच मी गेलो म्हणा. मग ५,००० टाकले, ६,२०० आले. मग २०,०००. ह्या वेळी स्कॅन केल्यावर नाव आलं कुठल्यातरी किराणा दुकानाचं. त्याआधी एका बाईचं होतं, नंतर साडी सेंटरचं. विचारलं तर मॅडम म्हणाल्या ‘दादा ते आमचे एजंट आहेत, लोड वाढला की अकाउंट बदलतो’. मी स्वतः दुकानदार, माझा क्यूआर बारा महिने एकच असतो, आणि मी हे मान्य केलं. मग १४ तारखेची पाकिस्तानची मॅच झाली, हस्तांदोलन केलं नाही त्यावर चॅनेलवर दोन दिवस दंगा, त्या भरात अजून ३०,०००. ॲपमध्ये बॅलन्स दाखवत होता २,१८,०००.

आता काढायचे म्हटलं. नवरात्राचं मटेरियल भरायचं होतं, रोलवाल्याचं जुनं देणं होतं. विथड्रॉ दाबलं तर मेसेज, ‘आयकर नियमानुसार ३० टक्के टीडीएस आधी भरावा’. त्यांनी कलमाचा नंबर पण दिला, १९४बीए, आणि मी शोधलं तर तो नंबर खरा निघाला हो! ऑनलाइन गेममध्ये जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस खरोखरच २०२३ पासून आहे. खोट्यात अशी एक खरी खुंटी मारलेली असते आणि आपण सगळा भार तिच्यावर टाकतो. बांगलादेशच्या मॅचच्या रात्री ६५,४०० भरले, त्यातले ४०,००० बायकोच्या भिशीचे, तिला सांगितलं मशीनचं हेड गेलंय. नंतर आमच्या सीएला विचारलं तर तो एका वाक्यात म्हणाला, ‘अरे टीडीएस कापून घेतात, भरून घेत नाहीत’. देणाऱ्यानं देतानाच कापायचा म्हणून तर त्याला टीडीएस म्हणतात. हे वाक्य मला त्या रात्री कुणी ऐकवलं असतं तर.

२६ तारखेला सकाळी पुढचा मेसेज. ‘टीडीएस जमा झाला, आता २८ टक्के जीएसटी, ६१,०४० रुपये, भरल्यावर अर्ध्या तासात पूर्ण रक्कम’. मी खरं सांगतो, मी भरायच्याच तयारीत होतो, मेहुण्याला फोन लावलेला. मशीनवर तेव्हा एका टू व्हीलर शोरूमचा दहा बाय वीसचा फ्लेक्स निघत होता. शाईचा वास, हेडची घरघर, आणि रोलवर हळूहळू खाली येत होतं, ‘जीएसटी २८% नाही, आता फक्त १८%’. २२ सप्टेंबरपासून दर बदलले होते ना, त्या आठवड्यात आम्ही दुसरं काही छापतच नव्हतो. आमचा ऑपरेटर पोरगा माझ्या खांद्यावरून मोबाईलमध्ये बघत म्हणाला, ‘दादा, २८ तर गेला ना?’ मी त्याच्याकडं बघितलं, फ्लेक्सकडं बघितलं. मेहुणा फोनवर हॅलो हॅलो करत होता, मी कट केला. गेमिंगला २२ तारखेपासूनच ४० टक्के लागला होता हे मागाहून कळलं, म्हणजे त्यांचा २८ तसाही जुनाच होता. पण तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं, नुसते पाय गार पडले.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, दोनतीनदा लावल्यावर लागला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, शेवटचं पेमेंट कधी? दीड दिवस झाला होता. पैसे गेल्या गेल्या तासाभरात फोन केला तर पुढच्या खात्यात अडवता येतात, नंतर ते चार-पाच खात्यांतून फिरून बाहेर. प्रत्येक व्यवहाराचा तो बारा आकडी यूटीआर नंबर मागतात, तो यूपीआयच्या हिस्ट्रीत सापडतो, स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा कारण मी तक्रार केली म्हटल्यावर ग्रुपमधून मला हाकललं आणि चॅट दोन्हीकडून साफ. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, नंबर मिळाला. आतापर्यंत एका खात्यात माझे म्हणून ९,३०० रुपये होल्ड झालेत, तेही सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल असं मला तेव्हा सांगितलं होतं. कायद्यानं खेळणाऱ्याला शिक्षा नाही, शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, तेव्हा ‘मीच जुगार खेळलो, पोलिसात कसा जाऊ’ म्हणून गप्प बसू नका. मी पण त्या भीतीनं दोन तास दुकानामागं बसलो होतो.

आणि ह्याच्यापेक्षा वाईट भाग पुढं आहे, जो कुणी सांगत नाही. दिवाळीच्या तोंडावर माझं करंट खातं अडकलं. बँकेत गेलो तर मॅडम म्हणाल्या दुसऱ्या राज्याच्या सायबर पोलिसांकडून होल्ड आलाय. कशाचा? त्या ६,२०० रुपयांचा. मला जे ‘जिंकलेले’ आले होते ते दुसऱ्याच कुणाचे तरी लुबाडलेले होते, त्यानं तक्रार केली, आणि पैशाचा माग काढत काढत ते माझ्या खात्यापर्यंत आले. म्हणजे त्या माणसाच्या तक्रारीत मी आरोपीच्या लायनीत, माझ्या तक्रारीत मी फसलेला. सही-शिक्क्याचे कागद, खुलासा, ईमेल, पुन्हा ईमेल, ह्यात अख्खी दिवाळी गेली. काउंटरवर आता बायकोच्या खात्याचा क्यूआर लावलाय. ती रोज संध्याकाळी हिशोब स्वतः बघते, भिशीचं एक अक्षर काढत नाही, आणि ते जास्त लागतं.

मधे एक ‘सायबर वकील’ पण येऊन गेला. मी कुठंतरी व्हिडिओखाली माझी हकिकत लिहिली होती, तासाभरात मेसेज, ओळखपत्राचा फोटो, ४,९९९ फी, आठ दिवसांत रिकव्हरी. ओळखपत्रावरचा फोटो कडेनं कापलेला दिसत होता, केस नीट सुटले नव्हते, माझ्याकडं पहिल्या आठवड्यात शिकायला येणारं पोरगं कापतं तसे. ब्लॉक केला.

हे लिहायला बसलो त्याचं कारण परवा रात्री तेच रील परत आलं. नगरपालिकेच्या इलेक्शनचे फ्लेक्स होते, रात्री एक वाजेपर्यंत आयलेट मारत बसलो होतो, सहज मोबाईल उघडला. ह्या वेळी अँकर दुसरी, चॅनेल दुसरं, ॲपचं नाव दुसरं. दोनदा लावून बघितलं. ‘चांगली’ अजून चिमणीच्याच च नं म्हणतात. पण पट्टीवर आता ‘खेळणाऱ्यांना’ बरोबर लिहिलंय.