रबाळे एमआयडीसीतली व्हायब्रेशन लॅब – डॅम्पिंगचा भरवशाचा डेटा हवा असेल तर इथेच जा

आमचं ऑफिस वागळे इस्टेटला, काम रेल्वेच्या कंट्रोल पॅनलचं सिम्युलेशन. या लॅबमध्ये आम्ही नुसत्या आयईसी ६१३७३ च्या (रेल्वेच्या उपकरणांसाठीचं शॉक-व्हायब्रेशन टेस्टचं स्टँडर्ड) सर्टिफिकेटसाठी गेलो नव्हतो, मॉडेलमधलं डॅम्पिंग (कंपन किती लवकर विझतं त्याचं माप) टेस्टशी जुळवायचं होतं, आणि त्या कामासाठी ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात मी वापरलेल्यांपैकी ही सगळ्यात चांगली लॅब आहे, हे आधीच सांगून टाकतो.

याआधी दुसरीकडे हॅमर टेस्ट (पॅनलला सेन्सरवाल्या हातोडीने ठोकून कंपन मोजायचं) करून घेतली होती, नाव नको. रिपोर्टमध्ये ४८ हर्ट्झच्या मोडला (मोड म्हणजे पॅनलची एका ठराविक फ्रिक्वेन्सीला हलायची स्वतःची तऱ्हा) डॅम्पिंग १.९ टक्के, बस्स, कसं काढलं ते कुठेच नाही, रॉ डेटा मागितला तर परत तेच पीडीएफ. तो आकडा मॉडेलमध्ये टाकून रबाळ्याच्या लो-लेव्हल साइन स्वीपशी (हळू जोराने हलवत फ्रिक्वेन्सी सरकवत नेणारी टेस्ट) लावून बघितला तर मॉडेलचं पीक टेस्टच्या दोन तृतीयांशही भरेना. रेझोनन्सला, म्हणजे हलवायची फ्रिक्वेन्सी मोडशी जुळली की, पीक डॅम्पिंगच्या व्यस्त प्रमाणात असतं, म्हणजे आकड्यातच घोळ होता.

इथल्या टेस्ट इंजिनिअर मॅडमनी जुनं पीडीएफ मागून घेतलं आणि ग्राफच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेल्या विंडोच्या सेटिंगवर बोट ठेवलं. एक्स्पोनेन्शियल विंडो (मोजलेल्या सिग्नलला गुणायचा, वेळेनुसार उतरत जाणारा वक्र), टाइम कॉन्स्टंट, म्हणजे त्याच्या उतरण्याचा वेग ठरवणारा काळ, अर्धा सेकंद. ही विंडो सिग्नल जबरदस्तीने विझवते, म्हणजे स्वतःचं डॅम्पिंग वर चढवते, आणि ते किती तर १ भागिले (टाइम कॉन्स्टंट गुणिले ओमेगा), ओमेगा म्हणजे २ पाय गुणिले फ्रिक्वेन्सी. ४८ हर्ट्झला ते ०.६६ टक्के होतं, आणि ते वजा करायचं राहून गेलं होतं. वर रेकॉर्ड फक्त २ सेकंदांचा, म्हणजे रिझोल्यूशन ०.५ हर्ट्झ, आणि पीकची हाफ-पॉवर रुंदीच (पीकच्या सुमारे ७० टक्के उंचीवरची रुंदी, जिच्यावरून डॅम्पिंग काढतात) जेमतेम सव्वा हर्ट्झ, त्यात दोन-तीन पॉइंट पडणार, त्यावरून कसलं डॅम्पिंग काढणार? त्यांनी ८ सेकंदांचा रेकॉर्ड घेतला, विंडो लावलीच नाही कारण सिग्नल त्याच्या आत आपोआप विझत होता, डबल हिट झाला (हातोडी दोनदा लागली) की तो ठोका लगेच रद्द, कोहेरन्स (मोजलेलं कंपन खरंच त्या ठोक्यामुळेच आहे का याचा निर्देशांक) प्रत्येक पॉइंटला स्क्रीनवर दाखवत होते. आकडा आला १.२ टक्के.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. हॅमरवर थांबू नका, शेकरवर (पॅनल हलवणारं मशीन) तीन लेव्हलला, म्हणजे हलवायच्या तीन वेगवेगळ्या जोरांना, स्वीप घेऊ, असं त्यांनीच सुचवलं. लेव्हल वाढली तशी तीच मोड ४८ वरून ४७ च्या आसपास सरकली आणि डॅम्पिंग १.७ टक्क्यांवर गेलं. बोल्ट केलेल्या जॉइंटमध्ये घासाघीस वाढते, म्हणून हे होतं. त्यामुळे मॉडेलमध्ये हॅमरचं डॅम्पिंग टाकून फुल लेव्हलचा रिस्पॉन्स काढला तर तो जास्त येणार, ज्या लेव्हलचं उत्तर हवं त्याच लेव्हलचं डॅम्पिंग घ्यायचं. प्रत्येक स्वीपआधी पायाचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासले, दरवाजाचं लॉक लावल्याची नोंद केली. दरवाजाच्या मोडला रबर गॅस्केटमुळे डॅम्पिंग जवळपास ३ टक्के निघालं, लॉक ढिलं असतं तर तेही बदललं असतं.

मग आम्ही रेले डॅम्पिंग (मास आणि स्टिफनेसच्या प्रमाणात डॅम्पिंग धरायची सोपी पद्धत) सोडून दिलं. त्यातले दोन गुणक, अल्फा-बीटा, दोनच फ्रिक्वेन्सींना बसतात. ४८ आणि १९० हर्ट्झला १.२ टक्के पकडलं तर मध्ये ९५ ला ते ०.९६ वर उतरतं आणि ६०० हर्ट्झला ३ टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे वरच्या मोड विनाकारण दाबल्या जातात, आणि पॅनलमधले पीसीबी नेमके तिथेच हलतात. आता अन्सिस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मोडला टेस्टमधलं वेगळं मोडल डॅम्पिंग देतो, रँडम व्हायब्रेशनसाठी ते मस्त चालतं, रेले फक्त शॉकच्या डायरेक्ट ट्रान्झियंट रनला (मोड न वापरता वेळेच्या छोट्या टप्प्यांनी थेट सोडवायची पद्धत) ठेवलंय. अर्थात आधी फ्रिक्वेन्सी आणि मोड शेप जुळवून घेतले, मॅक (मॉडेल आणि टेस्टचे मोड शेप किती जुळतात त्याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळले) ०.९ च्या वर आल्यावरच डॅम्पिंगला हात लावला, कारण स्टिफनेस चुकलेला असताना डॅम्पिंग फिरवून पीक बसवणं म्हणजे शुद्ध धूळफेक. पहिल्या तिन्ही मोडची पीक आता टेस्टच्या १० टक्क्यांच्या आत आहेत.

तक्रारी आहेत थोड्या. रेट इतरांपेक्षा जास्त, शेकरचा स्लॉट पटकन मिळत नाही, फायनल रिपोर्टसाठी फोनवर फोन करावे लागले. कस्टमरला बसायची जागा अगदीच लहान आहे. पण टेस्ट चालू असताना आत उभं राहू देतात, शंका विचारली की कंटाळत नाहीत, याला माझ्याकडून पूर्ण मार्क.

रबाळे स्टेशनवरून रिक्षा मिळते. ठाण्याहून पॅनल टेम्पोत घालून आणणार असाल तर पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून येऊ नका, पाणी भरतं, मुलुंड-ऐरोली पुलावरून या. आणि बुकिंगच्या ईमेलमध्येच लिहा की रॉ टाइम डेटा, यूएफएफ फाइल (टेस्ट डेटा इतर सॉफ्टवेअरमध्ये उघडता येईल असा युनिव्हर्सल फॉरमॅट) आणि प्रत्येक लेव्हलचं वेगळं डॅम्पिंग हवंय. ते देतात, जास्तीचे पैसे घेत नाहीत, फक्त आधी सांगितलेलं असलं पाहिजे.