फणस लावावा की नीरफणस?

जागा एकाच झाडाची असेल आणि मन या दोघांत अडकलं असेल, तर आधी आपली हवा बघा. नीरफणसाला थंडी सोसत नाही. त्याला वर्षभर ऊब आणि दमटपणा लागतो. फणस त्या मानाने चिवट. थोडी थंडी, थोडा कोरडा काळ तो काढतो. मुळाशी पाणी साचलेलं मात्र दोघांनाही चालत नाही.

हवा दोघांना मानवणारी असेल, तर खाणार काय ते ठरवा. नीरफणस ही मुळात भाजीच. बटाट्यासारखा पिठूळ गर, फळ साधारण एक ते तीन किलोचं, म्हणजे एका घरात एका दिवसात संपणारं. काढून ठेवलं तर दोन-तीन दिवसांत मऊ पडतं. फणसाची कोवळेपणी भाजी, पिकला की गरे, वर आठळ्या, म्हणजे आतल्या बिया, उकडून किंवा भाजून. शिवाय झाड म्हातारं झालं की पिवळंधमक टिकाऊ लाकूड. पण पंधरा-वीस किलोचं धूड फोडायचं तर हाताला आणि सुरीला आधी तेल चोपडून बसावं लागतं. चीक नुसत्या पाण्याने निघत नाही.

खरी फसगत होते ती रोप आणताना. आठळीतून उगवलेला फणस कापा (घट्ट गऱ्यांचा) निघेल की बरका (मऊ, रसाळ गऱ्यांचा), हे फळ धरेपर्यंत कळत नाही, आणि तोवर बरीच वर्षं गेलेली असतात. म्हणून फणस लावायचा तर खात्रीच्या झाडाचं कलमच लावा. नीरफणसात हा घोळ नाही. नेहमीच्या जातींना बीच नसतं, त्यामुळे मुळांना आलेली फूट किंवा गुटी कलम (झाडावरच्या फांदीला मुळं फोडून केलेलं) लावायचं आणि आईसारखंच झाड मिळतं. 1787 साली इंग्लंडहून ताहितीला निघालेल्या ‘बाउंटी’ जहाजाला नीरफणसाची हजारावर जिवंत रोपं कुंड्यांतून चढवावी लागली, ती याचमुळे.

माझं मत विचाराल तर घरात गऱ्यांवर जीव टाकणारं कुणी असेल तर कापा फणस, नाहीतर नीरफणस. फक्त नीरफणसाची फळं फांद्यांच्या टोकाला लागतात, झेल्याशिवाय (टोकाला जाळी बांधलेल्या काठीशिवाय) काढली तर आपटून फुटतात. फणस खोडालाच लगडतो, बरेचदा हाताशी येतो. नीरफणसाच्या सालीवर चिकाचे सुकलेले थेंब दिसले, खवले सपाट झाले की भाजीला काढा. फणस काढणीला आला की त्याचे काटे विरळ होतात, थाप मारल्यावर पोकळ आवाज येतो. घमघमाट सुटेपर्यंत झाडावर ठेवू नका.