दिवे माझे, खातं त्याचं

गोव्यात, फोंड्यात नवा फ्लॅट घेतलेल्यांसाठी लिहितोय. "अलेक्साला (अ‍ॅमेझॉनचा बोलून हुकूम घेणारा सहाय्यक) दिवे जोडून देतो" म्हणत सोसायट्यांतून एक माणूस फिरतोय. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही.

चवथीच्या तोंडावर तो आमच्याकडे आला. खोल्यांतले बल्ब, हॉलच्या सिलिंगची दिव्यांची पट्टी, देवघरातला दिवा, सगळं लावून दिलं. काम स्वच्छ, बोलणं गोड, दर वाक्याला 'पात्रांव', म्हणजे मालक.

पहिला डाव राउटरचा. "तुमच्या राउटरला बल्ब धरत नाहीत" म्हणून नवा गळ्यात मारला. असले बल्ब बहुतेक वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या बँडवरच (लहरींच्या पट्ट्यावरच) चालतात, हे खरं. पण आमच्या जुन्या राउटरला तो बँड होताच. सेटिंगमध्ये त्याला वेगळं नाव दिलं असतं तरी भागलं असतं.

दुसरा डाव 'क्लाउड चार्ज'चा. वर्षाला साडेतीन हजार, नाहीतर म्हणे अलेक्सा दिवे ओळखणार नाही. साफ थाप! अलेक्साच्या अ‍ॅपमध्ये बल्बच्या कंपनीचं स्किल (अलेक्साला जोडायची सोय) चालू करायचं, त्या कंपनीच्या खात्याने लॉगिन करून परवानगी द्यायची, मग दिवे शोधायला सांगायचं. या जोडणीला पैसे पडत नाहीत. पावसात लाईट जाऊन आली की राउटर उठेपर्यंत बल्ब प्रतिसाद देत नाहीत. त्यालाही हा फोनवर "क्लाउड संपत आला, पात्रांव" म्हणायचा.

खरी मेख पुढेच होती. बल्बचं खातं त्याने स्वतःच्या मोबाईल नंबरवर काढलं होतं आणि आम्हाला नुसतं शेअर केलं होतं. दुसऱ्या वर्षी पैसे नाकारले, त्याच रात्री सगळे दिवे आमच्या अ‍ॅपमधून गायब. भिंतीवरची बटणं चालत होती, एवढंच नशीब. बायको म्हणाली, "आणि तुम्ही कॅमेरापण त्याच्याकडूनच बसवणार होता!" ते ऐकून मात्र अंगावर काटा आला.

बल्ब आम्ही सोडवले. कंपनीने सांगितलं तसं बटण भराभर चालू-बंद केलं, बल्ब लुकलुकायला लागला, की माझ्या खात्यात घेतला. सिलिंगची पट्टी मात्र अडकली. तिचा कंट्रोलर जुन्या खात्यातून काढल्याशिवाय नव्यात येत नाही, आणि कंपनी खरेदीचं बिल मागते. त्याने बिल दिलेलंच नाही. यूपीआयचे पैसेही भलत्याच नावावर गेलेत.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो. तुमच्याकडे तो येऊन गेला असेल तर आजच अ‍ॅप उघडून खातं कोणाच्या नंबरवर आहे ते बघा. त्याचा जुना फोन आता लागत नाही. कुर्टीतल्या एका इमारतीत लिफ्टजवळ त्याचंच पत्रक चिकटवलेलं दिसलं, नंबर तेवढा नवा.