ब्रेक्झिटवरचा सशुल्क अभ्यासवर्ग: मांडणी पक्की, वेळेचे गणित कच्चे

नाशिकच्या गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत पहिल्या मजल्यावर चालणाऱ्या या अभ्यासकेंद्राने गेल्या शनिवारी ब्रेक्झिटवर, म्हणजे युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याबाबतच्या ब्रिटनच्या 2016 च्या सार्वमतावर तीन तासांचा वर्ग ठेवला होता. शुल्क तीनशे रुपये. त्यात टिपणांची पुस्तिका, चहा आणि मध्यंतरात मिसळ. श्रोत्यांत निम्म्याहून अधिक स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी होते. उरलेल्यांत निवृत्त प्राध्यापक, काही वकील आणि दिंडोरी-निफाडकडचे द्राक्ष बागायतदार. इतक्या वेगवेगळ्या मंडळींना एका विषयावर धरून ठेवणे सोपे नाही, आणि बहुतांश वेळ वक्त्यांनी ते साधले. म्हणून पाचपैकी चार तारे देत आहे. एक का कापला, ते पुढे येईलच.

वक्त्यांनी बाहेर पडणे योग्य की अयोग्य या वादात सुरुवातीलाच पाऊल टाकले नाही, ही मोठी जमेची बाजू. त्यांनी आधी मतपत्रिकेवरचा प्रश्न फळ्यावर लिहिला: युनायटेड किंग्डमने युरोपीय महासंघाचे सदस्य राहावे की महासंघातून बाहेर पडावे? 23 जून 2016 रोजी सुमारे 1 कोटी 74 लाख मतदारांनी बाहेर पडण्याच्या आणि 1 कोटी 61 लाख मतदारांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला, म्हणजे 51.9 विरुद्ध 48.1 टक्के. राहण्याचा अर्थ सर्वांच्या परिचयाचा होता, कारण ती चालू परिस्थितीच होती. बाहेर पडून नेमके कुठे जायचे, हे मात्र कागदावर नव्हते. नॉर्वेप्रमाणे महासंघाबाहेरून त्याच्या एकसंध (समान नियमांच्या खुल्या) बाजारपेठेत राहायचे, फक्त सीमाशुल्क संघ (आपसांत जकात नसलेला गट) टिकवायचा की कोणत्याही कराराविना दार लावून घ्यायचे, यांपैकी काहीही मतदाराला विचारलेले नव्हते.

हा मुद्दा पटवण्यासाठी त्यांनी चिठ्ठ्या वाटल्या. प्रश्न एवढाच, की मिसळ इथेच खायची की बाहेर जाऊन? थोडक्या मतांनी ‘बाहेर’ जिंकले. मग त्यांनी विचारले, ‘‘आता बोला, बाहेर म्हणजे कुठे?’’ कोणी कॉलेज रोड म्हणाले, कोणी सातपूरकडची चुलीवरची मिसळ, कोणाला नुसते गच्चीत बसायचे होते. प्रत्येक जागेसाठी हात वर करवून घेतल्यावर एकाही पर्यायाला ‘इथेच’ला मिळाली होती तेवढी मते पडेनात. (मिसळ अखेर इथेच खावी लागली, कारण पातेले येऊन पोहोचले होते. तर्री झणझणीत होती, पाव मात्र कालचे असावेत.) या हसण्यावारी नेलेल्या प्रयोगानंतर 27 मार्च 2019 च्या घटनेचे वेगळे स्पष्टीकरण देण्याची गरजच उरली नाही: त्या दिवशी ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात आठ पर्याय मतदानाला ठेवले गेले आणि आठही फेटाळले गेले. पंतप्रधान थेरेसा मे यांनी महासंघाशी केलेला बाहेर पडण्याचा करार तर तीनदा पडला. त्यांपैकी 15 जानेवारी 2019 चा पराभव 432 विरुद्ध 202 असा होता.

पुढचा तासभर वाद चांगलाच रंगला. बाहेर पडण्याच्या अटी ठरल्यानंतर लोकांना पुन्हा विचारायला हवे होते, असे एका वकीलबाईंचे मत पडले. त्यावर मागच्या रांगेतले एक काका उसळून म्हणाले, ‘‘मॅडम, म्हणजे हरलो की डाव परत मांडायचा, असंच ना?’’ बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘अहो काका, कोणता डाव मांडलाय हेच आधी ठरलं नव्हतं ना.’’ ब्रिटनमध्ये तीन-साडेतीन वर्षे जे भांडण चालले, त्याच्या दोन्ही बाजू या दोन वाक्यांत आल्या आणि वक्त्यांनी मध्ये न पडता ते रंगू दिले. मला स्वतःला काकांचा आक्षेप वजनदार वाटतो. मत मोजून झाल्यावर नियम बदलले, तर पुढच्या वेळी मतदानाला कोण येईल? मात्र तो आक्षेप सरकारला अर्थ लावण्याचा कोरा धनादेश देत नाही. न्यायालयांनीही नेमके तेच सांगितले होते: जानेवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महासंघाला सोडचिठ्ठीची सूचना देण्यापूर्वी संसदेची संमती आवश्यक ठरवली, तर सप्टेंबर 2019 मध्ये मे यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी केलेली संसदेची संस्थगिती (अधिवेशन तात्पुरते बंद ठेवणे) अकराही न्यायाधीशांनी एकमताने बेकायदा ठरवली.

आता उणिवा. मध्यंतर लांबल्यामुळे उत्तर आयर्लंडच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटे आली, आणि सबंध प्रकरणातली सर्वांत अवघड गाठ तर तिथेच आहे. 1998 च्या शांतता करारामुळे शांत झालेल्या, आयर्लंड प्रजासत्ताकाला लागून असलेल्या सीमेवर पुन्हा चौक्या नकोत म्हणून तपासणी उत्तर आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यामधल्या समुद्रावर सरकवली गेली. त्याच्या निषेधार्थ ब्रिटनशी जोडलेले राहण्याच्या बाजूच्या तिथल्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाने फेब्रुवारी 2022 पासून दोन वर्षे प्रांतिक सरकार चालू दिले नाही. ज्या प्रदेशाने 55.8 टक्के मतांनी राहण्याचा कौल दिला होता, त्यालाच बाहेर पडण्याची सर्वाधिक झळ बसली, हे शांतपणे उलगडून सांगायला हवे होते.

पुस्तिकेबद्दलही तक्रार आहे. स्कॉटलंडचे 62 टक्के ‘राहा’ आणि इंग्लंडचे 53 टक्के ‘जा’ दाखवणारा नकाशा रंगीत होता, पण झेरॉक्समध्ये दोन्ही प्रदेश एकाच राखाडी छटेत आल्याने तो निरुपयोगी झाला आहे. त्याहून गंभीर बाब म्हणजे ‘सार्वमताने घेतलेले पंतप्रधान’ (म्हणजे सार्वमतामुळे पद गमावलेले) अशा मथळ्याखाली कॅमेरून यांच्यापासून सुनक यांच्यापर्यंत सगळ्यांना एका माळेत ओवले आहे. कॅमेरून आणि मे यांच्याबाबत ते खरे आहे. लिझ ट्रस मात्र 2022 मध्ये सात आठवड्यांत गेल्या त्या करकपातीच्या अर्थसंकल्पामुळे. परीक्षार्थींनी हे पान डोळे मिटून पाठ करू नये.

एका निवृत्त प्राध्यापकांनी गोव्याचा विषय काढला, तेव्हा संचालकांनी ‘‘सर, वेळ संपत आली’’ म्हणून त्यांना खाली बसवले. कापलेला तारा तो हाच. मराठी श्रोत्यांसमोर सार्वमत शिकवताना 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल टाळून चालणार नाही. आपल्या घटनेत तशी तरतूद नसल्याने संसदेने 1966 मध्ये त्यासाठी खास कायदा केला आणि गोमंतकीयांपुढे दोन स्पष्ट पर्याय ठेवले: फुलावर शिक्का म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानांवर शिक्का म्हणजे केंद्रशासित प्रदेश. विलीनीकरण 34,021 मतांनी हरले. तिथेही घराघरांत भांडणे झाली, आणि कोकणी-मराठीचा वाद तर पुढे वीस वर्षे धुमसत राहून 1986 मध्ये रस्त्यावर आला. पण दोन पानांचा अर्थ काय, यावर कोणी अडले नाही, कारण तो अर्थ कायद्यातच लिहिलेला होता. गंमत अशी, की 1967 च्याच मार्चमध्ये विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच निवडून आला आणि दयानंद बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. मतदाराने एका प्रश्नाचे उत्तर एका पेटीत आणि दुसऱ्याचे दुसऱ्या पेटीत टाकले. ब्रिटनमध्ये डिसेंबर 2019 च्या निवडणुकीने दोन्ही उत्तरे (बाहेर कसे पडायचे आणि सत्ता कोणाला) एकाच पेटीत कोंबली आणि जॉन्सन यांना 80 जागांचे बहुमत मिळाले. ही तुलना अर्धा तास सहज पुरली असती.

शेवटच्या प्रश्नोत्तरांत एका बागायतदारांनी नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात उतरलेला माल आता इंग्लंडला नेताना वेगळी कागदपत्रे का लागतात, हे विचारले. उत्तर अचूक मिळाले: 2020 संपल्यावर ब्रिटन एकसंध बाजारपेठेच्या बाहेर गेला, त्यामुळे इंग्लिश खाडीपलीकडे नियम आणि तपासणी वेगळी.

पुढच्या महिन्यात स्कॉटलंडच्या 2014 च्या सार्वमतावर वर्ग आहे. नाव आठवडाभर आधी नोंदवावे, गाडी मुख्य रस्त्यावरच लावावी आणि पहिल्या चार रांगांत जागा धरावी. मागे पंख्याच्या आवाजात प्रश्नकर्त्याचे एक अक्षर ऐकू येत नाही.