बडोद्यात बेली डान्सचा क्लास: बॅच, फी आणि नाण्यांचा पट्टा

नवरात्रीच्या तोंडावर स्टुडिओने आमची बेली डान्सची बॅच बंद केली, हॉल गरब्याच्या क्रॅश कोर्सला दिला आणि तिमाही फीतले तेवढे दिवस पुढे धरायला साफ नकार दिला. काउंटरवर एकच उत्तर: "बेन, फी पाछी नहीं मळे." अहो, परत कोण मागतंय? पुढच्या महिन्यात धरा एवढंच म्हणत होते, तेही नाही. नवरात्रीत बडोद्यातला प्रत्येक हॉल गरब्यालाच जाणार हे मला कळतं, नऊ रात्री मीही खेळते. पण मग ऑगस्टमध्ये ५,४०० रुपये भरून घेताना ते सांगायचं. घरखर्चातून बाजूला काढलेले पैसे आहेत. याचा राग अजून गेलेला नाही आणि व्यवस्थापनाबद्दल माझं मत वाईट ते वाईटच.

तरी क्लास सोडला नाही, तो शिकवणाऱ्या मॅडममुळे. गरबा खेळणारीला वाटतं, ताल अंगात आहे, हेही जमेल. पण गरब्यात पाय सतत चालतात आणि अंग त्यांच्यामागून जातं. इथे सुरुवातीला पाय जागेवरच ठेवायचे, गुडघे किंचित सैल, छाती उचललेली, आणि हलवायचा एकच भाग. कंबर उजवीकडे टाकली की खांदा आपोआप बरोबर जातो, तो जाऊ द्यायचा नाही. पहिला महिनाभर जवळजवळ एवढंच. काहीजणींना कंटाळा आला आणि त्या झुम्बाला गेल्या. मॅडमनी घाई केली नाही हे फार बरं झालं. माकडहाड मागे काढून कंबरेत बाक आणला की पाठ धरते, हे त्यांनी प्रत्येकीच्या मागे उभं राहून दुरुस्त केलं. शिमीचंही तसंच. बघणाऱ्याला कंबर थरथरताना दिसते, पण काम गुडघ्यांचं असतं. एक सरळ होताना दुसरा वाकतो, टाचा जमिनीवरच, कंबर नुसती मागोमाग जाते. पोट आवळून धरलं की सगळं अडकतं.

आता पट्टा. कंबरेला बांधायचा नाण्यांचा पट्टा स्टुडिओतूनच घ्यायची सक्ती आहे, ७५० रुपये. शिफॉन इतकं पातळ की गाठ मारतानाच दोरे निघतात. नाणी पत्र्याची, बारीक कड्यांत अडकवलेली, आणि कड्यांची तोंडं नीट दाबलेलीसुद्धा नाहीत. काही दिवसांतच फरशीवर नाणी सांडायला लागली. अनवाणी पायाखाली एक आलं तर चांगलंच लागतं. घामाने मुलामा काळा पडतो आणि लेगिंगवर डाग उमटतो, तो कशानेच जात नाही. शेवटी मंगळ बाजारात चणियाचोळीला लावायची नाणी मिळतात ती आणली आणि सासूबाईंनी एकेक नाणं दुहेरी नायलॉन दोऱ्याने टाचून दिलं. ती आजपर्यंत हललेली नाहीत. सगळा खर्च दोनशेच्या आत. म्हणजे स्टुडिओला हे करता येत नाही असं नाही, करायचंच नाही.

पहिले काही महिने माझं ठाम मत होतं की पट्टा नकोच, जुनी ओढणी कंबरेला बांधली तरी भागतं. पण एका संध्याकाळी मॅडमनी गाणं बंद केलं, आम्हाला आरशाकडे पाठ करून उभं केलं आणि एकेकीला शिमी करायला लावली. आरशात सगळ्यांची सारखीच दिसायची. आवाजात तसं नव्हतं. माझ्या उजव्या बाजूला भरीव छन्, डावीकडे नुसती खसखस, आणि मधेच एक ठोका गायब. डावा गुडघा पुरता सरळ होत नव्हता. आरशासमोर इतके दिवस उभी राहूनही ते मला दिसलं नव्हतं. तेव्हापासून घरी आरशाशिवाय, फक्त ऐकून सराव करते. डावी बाजू आता भरली आहे आणि त्याचा आनंद मला अजून रोज होतो. म्हणूनच गळणाऱ्या नाण्यांवर एवढं लिहिलं. एका बाजूची चार नाणी गेली की पट्टा खोटं ऐकवतो आणि नवशिकी चुकीचा गुडघा सुधारत बसते.

मात्र ठेका शिकताना पट्टा काढून ठेवा. मकसूम, म्हणजे "दुम तक, तक दुम तक", हा चार मात्रांचा ठेका आधी टाळ्यांवर बसवतात आणि पंधरा-वीस पट्ट्यांच्या आवाजात दरबुका, म्हणजे हाताने वाजवायचा अरबी ढोल, ऐकूच येत नाही.

कपड्यांबद्दल मैत्रिणी हमखास विचारतात. लेगिंग आणि लांब टी-शर्ट, बस. तो चमचमता दोन तुकड्यांचा पोशाख रंगमंचावरचा. बदिया मसाबनी या नर्तकीने १९२६ साली कैरोत क्लब काढला. तिथल्या लग्नाकार्यांत चालणाऱ्या या नाचाला रंगमंचावरचं रूप मिळालं त्यात अशा क्लबांचा मोठा वाटा, आणि सामिया गमाल, ताहिया कारिओका या नर्तकी तिथूनच पुढे आल्या. मॅडम आम्हाला सामिया गमालच्या जुन्या कृष्णधवल चित्रफिती दाखवतात. तिचे हात बघा, कुठेही घाई नाही. "हे आपलं नव्हे" म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी सांगते, १८८० साली सयाजीरावांच्या लग्नात तंजावरच्या राजकन्येबरोबर नर्तकी बडोद्याला आल्या. तो नाचही तेव्हा या गावाला नवाच होता.

वजन उतरायच्या आशेने येणार असाल तर येऊ नका, माझं उतरलेलं नाही. दिवसभर खुर्चीत बसून कंबर आखडायची ती मोकळी झाली आहे, जिना चढताना गुडघा पूर्वीसारखा कुरकुरत नाही. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मॅडमना पहिल्याच दिवशी सांगा.

आता मी महिन्याची फी भरते. महिन्याला दोनशे जास्त पडतात, पडू देत. पुढच्या महिन्यापासून झिल सुरू होणार, अंगठ्यात आणि मधल्या बोटात घालायच्या छोट्या झांजा. त्याही काउंटरवर विकायला ठेवल्या आहेत, पण घेण्याआधी दोन झांजा कडेला कड लावून वाजवून बघा. पितळेची असेल तर नाद लांबतो, पातळ पत्र्याची लगेच बसते. इलॅस्टिक नख आणि पहिलं पेर यांच्यामध्ये घट्ट बसायला हवं. काउंटरवरच्या झांजांचं इलॅस्टिक सैल आहे, मी बाहेरून घेणार आहे.