विहीर, किल्ला की गाभ्रीचा पाऊस?

माझी मावसबहीण नाशिकला असते. घरात ती, नवरा, बारा वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. मागच्या जुलैत एका शनिवारी दुपारी तिचा फोन आला. "दादा, गाजलेले सगळे बघून झालेत. तू ते कुणी न बघितलेले सिनेमे बघत असतोस ना, त्यातला एक सांग. आज रात्री बघायचाय." हा टोमणा होता की कौतुक, ते मी विचारलं नाही.

बाहेर धो धो पाऊस चालला होता, म्हणून असेल, तीन नावं एकदम डोक्यात आली. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (2009), उमेश कुलकर्णी यांचा 'विहीर' (2010) आणि अविनाश अरुण यांचा 'किल्ला', जो 2014 मध्ये बर्लिन महोत्सवात दाखवला गेला आणि आपल्याकडे लागला 2015 च्या जूनमध्ये. तिन्हींत पाणी आहे आणि तिन्हींत एक पोरगा आहे. बाकी तिघांचं गोत्र वेगळं. तिन्ही परदेशच्या महोत्सवांतून मिरवून आले आणि थेटरात फार टिकले नाहीत. 'किल्ला'ला त्यातल्या त्यात बरे दिवस मिळाले.

आधी 'विहीर'चं सांगतो, कारण तो मला सगळ्यात जवळचा आणि शिफारस करायला सगळ्यात अवघड. समीर पुण्यात पोहण्याच्या स्पर्धांत रमलेला. नचिकेत त्याचा मावसभाऊ, वयाने थोडा मोठा, गावाकडचा. दोघांची पत्रापत्री चालते. मावशीच्या लग्नासाठी सगळं गणगोत आजोळी जमतं. या पहिल्या भागासाठी मी हा सिनेमा चार वेळा बघितलाय. माजघरात बायकांची लगबग, पोरांचा लपंडाव, कुणीतरी कुणाला हाक मारतंय, तिसराच कुणी ओ देतोय. ज्योती सुभाष आजी आहेत, मोहन आगाशे आजोबा. लग्नघराचा असा आवाज मराठी पडद्यावर मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

आणि मग एक मृत्यू होतो. खरं तर हे सांगू नये, पण घरात बारा वर्षांचं मूल असेल तर ते माहीत असल्याशिवाय निवड कशी करणार? नचिकेत विहिरीत बुडतो. समीरला ते पटतच नाही. लपंडावात लपलेला गडी सापडत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. तिथून सिनेमा वाट सोडून माळरानावर जातो आणि तिथेच माझं नि त्याचं थोडं फाटतं. मुलाचं नाव नचिकेत ठेवल्यावर मरणाबद्दलचे प्रश्न आलेच. कठोपनिषदातला नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी बसला आणि मग त्याने ते यमालाच विचारले. पण इथला नचिकेत कधीकधी वयाला न शोभणारं बोलतो. गिरीश कुलकर्णी आणि सती भावे यांची लेखणी एरवी पक्की, पण दोनतीन ठिकाणी पोराच्या तोंडून लेखकच बोलताहेत असं वाटत राहतं. उत्तरार्ध रेंगाळतो. मी एकदा हौसेने ऑफिसातल्या चौघांना घरी बोलावून 'विहीर' दाखवला होता. एक झोपला, एकाने फोन काढला, एक जण नंतर पंधरा दिवस त्याशिवाय दुसरं काही बोललीच नाही. चौथा भजी चांगली झाली होती म्हणाला.

(निर्मिती अमिताभ बच्चन यांच्या एबी कॉर्पची होती, हे सांगितलं की लोक एकदम सरसावून बसतात. वीस मिनिटं टिकतं.)

'किल्ला' कुणालाही दाखवावा असा. वडील गेलेत, आईची सरकारी नोकरी, बदली कोकणातल्या एका लहान गावात. चिन्मय पुण्याहून आलेला, स्कॉलरशिपवाला, गप्प. वर्गात बंड्या आणि त्याची टोळी. बंड्या झालेला पार्थ भालेराव पडद्यावर आला की बाकीच्यांना आपलं सामान सांभाळून बसावं लागतं. त्याची भाषा थोडी वाह्यात आहे, सासूबाई दोनदा "शी!" म्हणतील, पण हसतीलही. सायकलींची शर्यत लावून पोरं किल्ल्यावर जातात, आभाळ फाटतं, आणि चिन्मय मागे एकटा राहतो. त्या पडक्या भिंतींत तो मित्रांना हाका मारतो तेव्हा आपल्याही पोटात गलबलतं. पोरांनी पोराला सोडून जाणं, एवढीशी गोष्ट. पण बारा वर्षांच्या वयात याहून मोठा दगा कुठला असतो?

अविनाश अरुण मुळात कॅमेऱ्याचे. इथलं छायाचित्रणही त्यांचंच आहे आणि तीच या सिनेमाची दौलत आणि तेच त्याचं दुखणं. प्रत्येक चौकट इतकी देखणी की मधेच वाटतं, जरा एखादी गचाळ भिंत दाखवा की राव. कोकणातला पाऊस म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. कपडे वाळत नाहीत, चपलांना बुरशी येते, डब्यातलं मीठ पाणी सोडतं. ती चिकचिक इथे फारशी नाही. इथला पाऊस धुऊन पुसून आलेला आहे. अमृता सुभाष यांनी केलेली आई मात्र सुरेख. ऑफिसात कुणावर विश्वास ठेवावा ते न कळणारी, घरी आल्यावर मुलापुढे ते न दाखवणारी. तिच्या ऑफिसातल्या भानगडीचा धागा घाईत गुंडाळलाय, याची मला आजही चुटपुट आहे. तिचा म्हणून आणखी वेळ हवा होता. 'किल्ला'ला बर्लिनमध्ये मुलांच्या विभागातलं क्रिस्टल बेअर आणि इथे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्ही पचतील असा आहे. फक्त मी तो परत लावत नाही.

आता 'गाभ्रीचा पाऊस'. गाभ्री ही वऱ्हाडी शिवी, इथे ती पावसाला घातलेली. कोकणातल्या पावसाचा जेमतेम तिसरा हिस्सा यवतमाळकडे पडतो, आणि कोरडवाहू कापूसवाल्याचं सगळं त्यावर. किती पडतो यापेक्षा कधी पडतो यावर. पेरलं आणि त्याने ओढ दिली की बियाणं मातीत जातं, दुबार पेरणीला पुन्हा उसनवारी. शेजारचा शेतकरी जीव देतो आणि किसनाच्या बायकोच्या, अलकाच्या, मनात भीती बसते: आपलाही माणूस असंच काही करून बसला तर? मग ती लहानग्या दिनूला बापाच्या पाळतीवर ठेवते. किसना जाईल तिथे पोरगं मागे. घरात दाण्याची मारामार असताना ताटात गोडधोड यायला लागतं, कारण माणूस खूश राहिला पाहिजे. किसनाला बिचाऱ्याला कळतच नाही की ही एवढी बडदास्त कशासाठी. त्याच्या डोक्यात फक्त शेत आहे.

विषय ऐकून बहीण लगेच म्हणाली, "नको रे, शनिवारी रात्री आत्महत्या?" हीच तर गंमत आहे. हा सिनेमा हसवतो, आणि कुणाची टिंगल न करता. गिरीश कुलकर्णी किसना, सोनाली कुलकर्णी (या नावाच्या दोन नट्यांपैकी थोरली) अलका, आणि सासूच्या भूमिकेत पुन्हा ज्योती सुभाष. खाटेवर बसल्या बसल्या त्या एका वाक्यात घरातल्या सगळ्यांची हवा काढतात. सुधीर पलसाने यांचा कॅमेरा इथेही आहे आणि 'विहीर'लाही. पण इथे तो डोळ्यात भरत नाही, रखरखीत पडून राहतो. वऱ्हाडी कानाला नवी असेल तर पहिली दहा मिनिटं जड जातील, पुढे लय सापडते. शेवटाबद्दल माझं मन अजून थाऱ्यावर नाही. कधी वाटतं दुसरं काही होणंच शक्य नव्हतं, कधी वाटतं ओढूनताणून आणलाय. हसू तिथवर पुरत नाही, एवढं सांगून ठेवतो.

तर मी बहिणीला सांगितलं: पोराला जागं ठेवायचंय आणि रात्री सगळ्यांना शांत झोप हवीय तर 'किल्ला'. फोनवर नको, टीव्हीवर, दिवे घालवून. सासूबाईंना शेतीचं कळतं आणि जेवणानंतर तासभर बोलत बसायची तयारी आहे तर 'गाभ्रीचा पाऊस', आणि माझं मत त्यालाच. 'विहीर' आज नको. तो तू एकटीने बघ, कधीतरी दुपारी, घरात कुणी नसताना.

रविवारी सकाळी तिचा मेसेज आला. मुलाला आवडला, नवरा शेवटावर चिडलाय, आणि सासूबाई विचारताहेत की त्या अलकाने पुरणाला डाळ आणली कुठून.